बंदरे नवी होत आहेत. संगमनेरचा व्यापारी कुठे आहे?

रमजान जवळ आला की संगमनेरच्या बाजारपेठेत खजुराच्या पेट्या येऊन पडतात. पेटीवर परदेशातील गावाचे नाव छापलेले असते आणि गिऱ्हाईक ते कौतुकाने वाचते. पण ही पेटी कोणत्या बंदरात उतरली, असे दुकानदाराला विचारले तर तो म्हणतो, "वाशीहून आणली." शेजारच्या दुकानातील खेळणी, कुलुपे, बॅटऱ्या आणि स्वयंपाकघरातील प्लास्टिकचा माल "अब्दुल रहमान स्ट्रीटवरून" आलेला असतो. उलट दिशेने तालुक्यातील डाळिंब आणि कांदा परदेशी जातो, तेव्हा आपला आडत्या सांगतो, "नाशिकच्या पार्टीने नेला." येणारा माल आपल्यासाठी वाशीपासून सुरू होतो आणि जाणारा माल नाशिकला संपतो. त्यापलीकडे समुद्र आहे, जहाज आहे, बंदर आहे आणि नफ्याचा मोठा वाटाही तिथेच आहे. पण आपण त्या बाजूला कधी पाहतच नाही.

आज पाहण्याची वेळ आली आहे. देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर जुन्या बंदरांना पर्याय म्हणून नवी बंदरे उभी राहत आहेत. पालघर जिल्ह्यात वाढवणचे काम हाती घेतले गेले आहे. केरळात विळिंजम सुरू झाले आहे. गुजरातेतील मुंद्रा कधीच पुढे निघून गेले आहे. या घडामोडीत संगमनेरच्या दुकानदाराला, आडत्याला आणि कारागिराला काय मिळणार, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

बंदरे येतात, बंदरे जातात

आपले गाव समुद्रापासून दूर असले तरी समुद्राशी त्याचे नाते नवे नाही. नाशिक आणि जुन्नर यांच्यामधल्या वाटेवर वसलेले हे गाव. जुन्नरकडून नाणेघाट उतरला की कल्याण आणि सोपारा ही प्राचीन बंदरे लागत. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आजही आहे. अरब व्यापारी सोपाऱ्याला सुबारा आणि चौलला सैमूर म्हणत. अल्-मसूदी हा प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास सैमूरला आला होता. तेथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादकडून आलेले व्यापारी आणि त्यांची इथेच जन्मलेली मुलेबाळे अशी ती वस्ती होती. पुढे आपला मुलूख निजामशाहीत होता, तेव्हाही तिचा समुद्राकडचा दरवाजा चौलच होता.

ते चौल आज कुठे आहे? खाडी गाळाने भरत गेली, मुंबई मोठी झाली आणि चौल मागे पडले. सोपाऱ्याचे बंदर तर त्याच्या कितीतरी आधी संपले. तापीच्या मुखावरील सुरतेचा व्यापारही मुंबईकडे सरकला. बंदर कायमचे नसते, हा इतिहासाचा पहिला धडा होय. दुसरा धडा असा की बंदर बदलले तेव्हा जे व्यापारी नव्या बंदरावर आधी पोहोचले ते टिकले. जे जुन्या धक्क्यावर वाट पाहत बसले त्यांची नावे आज कुणाला आठवत नाहीत.

डब्याने केलेली उलथापालथ

आजच्या बंदराचा कारभार लोखंडी डब्यावर चालतो. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्याने आपल्या जहाजावर ५८ डबे चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठविले. तोपर्यंत प्रत्येक गोणी आणि प्रत्येक पेटी हमालाच्या पाठीवरून जहाजात जात होती. मालात चोरी व्हायची, भिजायचा, फुटायचा आणि जहाज आठवडा आठवडा धक्क्याला लागून राहायचे. डब्याने हे सारे बदलले. कारखान्याच्या दारात भरलेला डबा थेट गिऱ्हाइकाच्या दारात उघडू लागला. वीसफुटी डबा हे मोजमाप ठरले आणि बंदराची ताकद 'वर्षाला किती वीसफुटी डबे हाताळले' यावर मोजली जाऊ लागली.

मुंबईचे जुने बंदर या कामासाठी बांधलेलेच नव्हते. आजूबाजूला शहर वाढल्यामुळे डबे ठेवायला जागा नव्हती आणि ट्रेलर फिरवायला रस्ते नव्हते. म्हणून खाडीच्या पलीकडे उरण तालुक्यात न्हावाशेवाला जवाहरलाल नेहरू बंदर बांधले गेले आणि २६ मे १९८९ रोजी ते सुरू झाले. यासाठी जमिनी देणाऱ्या गावांनी मोठी किंमत मोजली. जानेवारी १९८४ मध्ये योग्य मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण पुढे आले.

न्हावाशेवाला १९९९ मध्ये पहिला खासगी धक्का सुरू झाला. त्यानंतर २००६ आणि २०१७ मध्ये आणखी धक्क्यांची भर पडली. २०२४-२५ या वर्षात या बंदराने सुमारे ७३ लाख वीसफुटी डबे हाताळले. संगमनेरला येणाऱ्या-जाणाऱ्या परदेशी मालाचा मुख्य दरवाजा आजही हाच आहे. माळशेज घाटाने कल्याणमार्गे गेलो काय किंवा सिन्नर-घोटीवरून कसारा उतरलो काय, अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास पडते.

नवी बंदरे कशासाठी?

एवढे मोठे बंदर असताना आणखी बंदरे कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर पाण्याच्या खोलीत आहे. जहाज जितके मोठे, तितका दर डब्यामागचा खर्च कमी. आज वीस हजारांहून अधिक वीसफुटी डबे नेणारी जहाजे समुद्रात आहेत आणि त्यांना खोल पाणी लागते. न्हावाशेवा खाडीत असल्यामुळे तेथे गाळ साचतो. तो उपसून जहाजांसाठी १५ मीटरचा मार्ग तयार केला गेला, पण असा उपसा कधी संपत नाही.

खोल पाणी जवळ नसल्याचा भुर्दंड देशाने अनेक वर्षे सोसला. मोठी जहाजे कोलंबोला, सिंगापूरला किंवा आखातात थांबत. आपला डबा लहान जहाजाने तिथे जाई आणि तिथून मोठ्या जहाजावर चढे. अशा प्रकारे जहाज बदलून जाणाऱ्या भारतीय मालापैकी सुमारे तीन चतुर्थांश माल परदेशी बंदरांतून जात असल्याचे सरकारनेच सांगितले आहे. प्रत्येक चढ-उताराचे पैसे पडतात आणि दिवस जातात. ते शेवटी येतात शेतकऱ्याच्या भावातून किंवा गिऱ्हाइकाच्या खिशातून.

यावर उपाय म्हणून ज्या बंदरांकडे पाहिले जाते, त्यांची थोडक्यात ओळख करून घेऊ.

मुंद्रा हे कच्छच्या आखातातील खासगी बंदर आहे. २०२४-२५ मध्ये एका वर्षात वीस कोटी टनांहून अधिक माल हाताळणारे ते देशातील पहिले बंदर ठरले. उत्तर भारताचा माल तिकडे जाण्याचे एक कारण रेल्वे आहे. मालगाड्यांसाठी बांधलेल्या स्वतंत्र मार्गाचे गुजरातेतील टप्पे आधी सुरू झाले आणि वैतरणेपासून न्हावाशेवाकडे येणारा टप्पा मागे राहिला.

विळिंजम हे केरळात तिरुवनंतपुरमजवळ आहे. किनाऱ्यालगतच १८ ते २० मीटर नैसर्गिक खोली आणि आंतरराष्ट्रीय जहाज मार्ग अवघ्या दहा सागरी मैलांवर, अशी त्याची जागा आहे. जुलै २०२४ मध्ये तेथे पहिले मोठे कंटेनर जहाज लागले. २ मे २०२५ रोजी बंदराचे रीतसर उद्घाटन झाले आणि जूनमध्ये २४ हजारांहून अधिक डब्यांची क्षमता असलेले जहाज तिथे येऊन गेले. संगमनेरचा डबा रस्त्याने तिथे जाणार नाही. पण कोलंबोऐवजी तिथे जहाज बदलून तो पुढे जाऊ शकतो.

दिघी हे रायगड जिल्ह्यात राजपुरीच्या खाडीवर, जंजिऱ्याच्या शेजारी आहे. ते दिवाळखोरीत गेले होते. २०२१ मध्ये अदानी समूहाने ते ७०५ कोटी रुपयांना घेतले. जागा चांगली असली तरी रस्ता आणि रेल्वे यांच्याविना बंदर म्हणजे दार नसलेले गोदाम, हे दिघीच्या जुन्या अनुभवावरून कळते.

आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे ते वाढवण.

वाढवण आणि संगमनेर

डहाणूजवळील वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पायाभरणी झाली. खर्च ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. त्यात न्हावाशेवाच्या प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के आहे. प्रत्येकी एक हजार मीटर लांबीचे नऊ कंटेनर धक्के बांधले जाणार आहेत. सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली हे या जागेचे मोठे बलस्थान आहे. पहिला टप्पा २०२९-३० च्या सुमारास सुरू करण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे.

संगमनेरकरांनी इथे रस्त्याचा नकाशा नीट पाहावा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आपल्याला समृद्धीवर जाण्यासाठी सिन्नर तालुक्यातील गोंदे येथे चढता येते. वाढवणच्या बाजूने या महामार्गाला इगतपुरी तालुक्यातील भरवीर येथे जोडणारा सुमारे १०५ किलोमीटरचा मालवाहतूक मार्ग राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मंजूर केला आहे. हा मार्ग खरोखर झाला तर नाशिक-पुणे महामार्गावरचा माल भिवंडी, ठाणे आणि कळंबोलीच्या गर्दीत न अडकता समुद्राला जाऊन भिडेल. न्हावाशेवाच्या तुलनेत किलोमीटरमध्ये फार फरक पडणार नाही, पण तासांमध्ये पडू शकतो. नाशवंत मालाच्या धंद्यात तासालाच किंमत असते.

रेल्वेच्या बाबतीत मात्र आपण अजून कोरडेच आहोत. संगमनेर शहराला रेल्वे नाही. नाशिक-पुणे रेल्वेची आखणी संगमनेरवरून झाली होती. खोडदच्या महादुर्बिणीला अडथळा नको, या कारणाने ती बदलण्याचे ठरले आणि तालुक्यात त्यावर नाराजी उमटली. प्रवाशांची सोय हा त्यातला एक भाग झाला. व्यापाऱ्याचा मुद्दा असा की रेल्वे आली असती तर डबा गावाजवळच गाडीवर चढवता आला असता. देशाच्या आतल्या भागात डबा भरून सीमाशुल्काचे काम उरकणाऱ्या ठिकाणाला कोरडे बंदर म्हणतात. असे कोरडे बंदर नाशिक जिल्ह्यात निफाड साखर कारखान्याच्या जमिनीवर करण्याची योजना वर्षानुवर्षे चर्चेत राहिली आहे. आपल्या बाजार समितीने आणि व्यापारी संघटनांनी त्याचा पाठपुरावा करण्यासारखा आहे.

नव्या बंदराचे स्वागत करताना आणखी एका गोष्टीकडे डोळेझाक करता येणार नाही. वाढवणचे मच्छीमार या बंदराला वर्षानुवर्षे विरोध करीत आले आहेत. १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने येथील बंदराचा पहिला प्रस्ताव नाकारला होता. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी नव्या प्रस्तावाला ना-हरकत दिली. समुद्रात भराव घालून सुमारे १,४०० हेक्टर जमीन तयार होणार आहे. त्या पाण्यावर आज मासेमारी चालते. किनाऱ्यावरच्या गावांत दागिन्यांचे साचे, म्हणजे डाय, बनविण्याचा घरगुती धंदाही आहे. कारागिराचे हात दुसरीकडे हलविणे किती अवघड असते, हे आपल्या मोमीनपुऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. एके काळी संगमनेर हातमागाचे गाव होते. माग थांबले तेव्हा त्या घरांना कुणी मोबदला दिला नव्हता. आपला माल स्वस्तात जावा म्हणून दुसऱ्याच्या चुलीवर पाणी पडू नये, अशी मागणी व्यापाऱ्यांनीही केली पाहिजे.

पलीकडचा किनारा

बंदराचा विचार करताना आपण फक्त आपल्या बाजूचा विचार करतो. माल पोहोचतो तिथेही पर्याय लागतात. आखातात माल म्हणजे दुबईचे जबल अली, असे आपल्याकडे समीकरण आहे. १९७९ मध्ये सुरू झालेले हे बंदर फार मोठे आहे खरे. पण ते होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आत आहे. शारजाचे खोर फक्कान, फुजैरा, ओमानचे सोहार आणि सलाला ही बंदरे त्या सामुद्रधुनीच्या बाहेर आहेत. खोर फक्कानला उतरलेला माल ट्रकने दुबई-शारजाला जातो. आखातात तणाव वाढला की या बाहेरच्या बंदरांचे महत्त्व एका रात्रीत वाढते.

तांबड्या समुद्राचा अनुभव तर ताजाच आहे. नोव्हेंबर २०२३ पासून तिथे जहाजांवर हल्ले सुरू झाले. मोठ्या कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घातला. युरोपच्या फेरीत दहा ते चौदा दिवसांची भर पडली आणि भाडे भडकले. जेद्दाहचा काही माल दम्माम किंवा जबल अलीला उतरवून तिथून रस्त्याने नेला गेला. ज्या निर्यातदारांनी गिऱ्हाइकाशी आधीच पर्यायी बंदर ठरवून ठेवले होते, त्यांचे काम निभावले.

डाळिंबाच्या बाबतीत समुद्राने एक चांगली बातमीही दिली आहे. पूर्वी दूरच्या देशात डाळिंब विमानाने जाई आणि भाडेच भाव खाऊन टाकी. ६ डिसेंबर २०२४ रोजी सोलापूर भागातील ५.७ टन डाळिंबे समुद्रमार्गे निघाली आणि १३ जानेवारी २०२५ रोजी ऑस्ट्रेलियात सिडनीला पोहोचली. मार्च २०२५ मध्ये भगवा जातीच्या डाळिंबांच्या ४,६२० पेट्या सुमारे पाच आठवड्यांच्या समुद्रप्रवासानंतर न्यूयॉर्कला चांगल्या स्थितीत उतरल्या. सोलापूरच्या बागेतले फळ शीत डब्यातून सिडनीला जाऊ शकते, तर संगमनेरच्या बागेतलेही जाऊ शकते. प्रतवारी, तपासणी आणि पेटीबंद काम तेवढे त्या तोडीचे व्हायला हवे.

पैसा जातो कुठे?

आता मुख्य मुद्दा. बंदर नवे झाले, जहाज मोठे झाले, म्हणून संगमनेरच्या दुकानात माल स्वस्त होईल का? आपोआप होणार नाही. समुद्राचे भाडे हा खर्चाचा एकच तुकडा आहे. बाकीचे तुकडे असे: परदेशातील गोदामापासून बंदरापर्यंतचे भाडे, तिथल्या धक्क्याचा आकार, समुद्राचे भाडे, आपल्या धक्क्याचा आकार, जहाज कंपनीच्या कागदांचे पैसे, क्लिअरिंग एजंटाची फी, सीमाशुल्क आणि जी.एस.टी., बंदराबाहेरच्या गोदामाचे भाडे, ट्रकचे भाडे, हमाली आणि शेवटी घाऊक व्यापाऱ्याचा नफा. नवे बंदर यातील दोन-तीन तुकडे कमी करील. उरलेले तुकडे आपल्या माहितीवर आणि आपल्या कागदपत्रांवर अवलंबून आहेत.

नव्या व्यापाऱ्याला सर्वांत मोठा फटका बसतो तो दिवसांचा. डबा उतरल्यावर काही दिवस फुकट मिळतात. त्यानंतर धक्क्यावर किंवा गोदामात पडून राहिल्याचे भाडे लागते, त्याला आपण डेमरेज म्हणतो. डबा बाहेर नेल्यावर तो वेळेत रिकामा करून परत दिला नाही, तर जहाज कंपनी वेगळे पैसे लावते, त्याला डिटेन्शन म्हणतात. ही दोन मीटरे वेगवेगळी आहेत आणि दोन्ही सुट्टीच्या दिवशीही फिरत असतात.

दुसरा फटका भावाच्या अटीचा. परदेशी विक्रेता 'सी.आय.एफ.' भाव देतो, म्हणजे आपल्या बंदरापर्यंतचे भाडे आणि विमा त्याच्याकडे. भाव स्वस्त वाटतो, पण एजंट त्याचा, जहाज त्याने निवडलेले. माल इथे उतरल्यावर स्थानिक आकारांची यादी आपल्या हातात पडते. त्यात घासाघीस करायला जागा उरत नाही. 'एफ.ओ.बी.' भावात माल त्याच्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा खर्च त्याचा आणि पुढचे जहाज आपण निवडायचे. निर्यात करताना हेच उलटे होते. म्हणून सौदा करण्यापूर्वी दोन्ही पद्धतींनी संगमनेरच्या दारापर्यंतचा पूर्ण खर्च लिहून काढावा आणि मगच भाव ठरवावा.

तिसरा फटका नियमांचा. कांद्याचेच उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क आले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी झाली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण किमान भाव आणि शुल्क राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क निम्म्यावर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते रद्द झाले. दोन वर्षांत पाच वेळा नियम फिरला. आयातीतही तसेच आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे झाले आणि चिन्ह नसलेला माल बंदरातच अडकू लागला. २ मे २०२५ पासून पाकिस्तानी मालावर, तो तिसऱ्या देशातून आला तरी, बंदी आली. जूनमध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने दुबईमार्गे आलेले ३९ कंटेनर न्हावाशेवाला पकडले, त्यात खारीकही होती. खजूर-खारकेचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांनी माल मूळ कुठल्या देशाचा आहे, याचा कागद मागितल्याशिवाय सौदा करू नये. अनवधानाने घेतलेला मालही जप्त होतो.

छोट्या माणसाने काय करावे?

पूर्ण डबा भरण्याइतका माल आपल्यापैकी बहुतेकांकडे नसतो. त्यामुळे परदेशी व्यापार हे मोठ्यांचे काम, असा समज झाला आहे. तो बरोबर नाही.

एक, सुटा माल पाठविण्याची व मागविण्याची सोय असते. अनेकांचा माल एका डब्यात भरणारे एजंट घनमीटरवर किंवा टनावर, जे जास्त भरेल त्यावर, भाडे घेतात. हलक्या पण जागा खाणाऱ्या मालाला यात जास्त पैसे पडतात, म्हणून पेटीचे माप घेऊन आधी हिशोब करावा.

दोन, चार-पाच दुकानदारांनी मिळून शिरकतीत डबा मागवावा. मात्र एकाचा माल नियमात बसला नाही तर सगळ्यांचा डबा अडकतो. समजा, एकाच्या खेळण्यांवर मानक चिन्ह नाही. मग दुसऱ्याची कुलुपे आणि तिसऱ्याची भांडीही त्याच्यासोबत पडून राहतात आणि दोन्ही मीटरे चालू राहतात. म्हणून शिरकतीचा करार तोंडी नको. कुणाचा माल किती, कागद कुणी पुरवायचे आणि उशीर झाला तर भुर्दंड कुणी सोसायचा, हे आधीच लिहून सह्या कराव्यात.

तीन, आयात-निर्यात कोड काढून ठेवावा. विदेश व्यापार महासंचालनालयाकडे पाचशे रुपये भरून तो घरबसल्या मिळतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती अद्ययावत करावी लागते. हे विसरले तर ऐन वेळी कोड बंद झालेला आढळतो. फळे-भाजीपाल्यासाठी अपेडाची नोंदणी आणि रोगमुक्तीचे प्रमाणपत्र लागते.

चार, कारागिरांनी डब्याचा विचारही करण्याची गरज नाही. शिवणकाम, भरतकाम, चामड्याच्या वस्तू असा थोडका माल टपालाने परदेशी पाठविता येतो. २०२२ पासून टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रे सुरू केली आहेत. तेथे सीमाशुल्काचे कागदही भरून घेतले जातात. पहिले दहा गिऱ्हाईक असे जोडावेत, मग डबा.

पाच, विमा टाळू नये. २५ मे २०२५ रोजी विळिंजमहून कोचीला निघालेले 'एम.एस.सी. एल्सा ३' हे जहाज ६४० डब्यांसह बुडाले आणि डबे केरळच्या किनाऱ्याला लागले. अशा वेळी जहाज कंपनीची जबाबदारी कायद्याने मर्यादित असते. मालाचा विमा नसेल तर मालकाच्या हाती फारसे काही लागत नाही. गिऱ्हाइकाने पैसे बुडविले तर त्यासाठीही विमा आहे. १९५७ पासून सरकारची निर्यात पतहमी संस्था हे काम करते.

सहा, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, बिल ऑफ लेडिंगवर कुणाचे नाव आहे ते पाहा. हा कागद म्हणजे मालाचा मालकी हक्क. त्याचा १८५६ चा जुना कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा कायदा आला. संगमनेरचे डाळिंब परदेशी जाते, पण त्या कागदावर नाव असते दुसऱ्याच गावातील पेढीचे. परदेशी गिऱ्हाईक त्या पेढीला ओळखते. तुमची बाग किंवा तुमची आडत त्याला माहीतही नसते. मग भाव ठरवताना तुमचे मत कोण विचारणार?

वेळ आहे तोवर

वाढवणचे पहिले जहाज लागायला अजून काही वर्षे आहेत. ही वर्षे वाट पाहण्यात घालवायची की तयारीत, हे आपल्या हातात आहे. एकाने कोड काढावा, दुसऱ्याने एखाद्या क्लिअरिंग एजंटाकडे सहा महिने बसून काम शिकावे, घरातील बारावी-पदवी झालेल्या मुलामुलीला शिपिंगच्या कागदांचा अभ्यास करू द्यावा. न्हावाशेवाला एकदा स्वतः जाऊन यावे. ट्रकमागे ट्रक कसे उभे राहतात, डबा कसा उतरतो, कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो, हे डोळ्यांनी पाहिले की भीती निम्मी होते.

अल्-मसूदीने चौलला पाहिलेले व्यापारी हजारो मैलांवरून आले होते. त्यांच्याकडे टेलिफोन नव्हता की विमा नव्हता. पण कोणत्या ऋतूत कोणते वारे वाहते आणि कोणत्या बंदरात कोणता माल खपतो, हे त्यांना पाठ होते. आपल्या आणि समुद्राच्या मध्ये फक्त सव्वादोनशे किलोमीटर आहेत. तेवढे अंतर माहितीने कापले, तर पुढच्या रमजानला खजुराची पेटी कुठून आली असे गिऱ्हाइकाने विचारल्यावर संगमनेरचा दुकानदार "वाशीहून" म्हणून थांबणार नाही. जहाजाचे, बंदराचे आणि पाठविणाऱ्याचे नाव तो सांगू शकेल, आणि त्या कागदावर खरेदीदार म्हणून नाव त्याचे स्वतःचे असेल.